खिल्लारेंनी गाव कसं निवडलं

बातमीदाराजवळ दोन प्रकारचा माल असतो. एक छापून येतो, आणि आठवडाभरात त्यात भजी बांधली जातात. दुसरा छापता येत नाही. कधी संपादक घाबरतो, कधी पुरावा नसतो, कधी शेवटच्या क्षणी बियाण्यांची जाहिरात येते आणि बातमीची जागा जाते. हा दुसरा माल वर्षानुवर्षं साठत राहतो आणि चहाबरोबर बाहेर पडतो.

लोक मला म्हणतात, गुन्ह्यांच्या बातम्यांत आयुष्य घातलंत, एखादा मोठा खून सांगा. खून आहेत. पण मला सांगावंसं वाटतं ते आमच्या कंपोझिटरच्या बिऱ्हाडाबद्दल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात होतो. बातमी आणायची मी, छपाईचे खिळे जुळवायचे कंपोझिटर खिल्लारेंनी आणि दोघांनी मिळून मालकाला शिव्या द्यायच्या, अशी कामाची वाटणी होती. संध्याकाळी एस.टी. स्टँडसमोर युसूफभाईच्या हॉटेलात बैठक. तिथे तांड्यावरचे राठोड गुरुजी येत.

एक दिवस मालकाने जाहीर केलं की छापखाना बंद. त्या जागी मुलाला पाण्याच्या इंजिनांचं दुकान काढून द्यायचंय. मी भांडलो. मालक म्हणाला, "तुमच्या बातम्यांनी शेत भिजतंय का?" यावर मी आणखी जोरात भांडलो.

माझं काय, मी एकटा, कुठल्याही पेपरला चिकटलो असतो. खिल्लारेंना बायको आणि दोन मुली. थोरली आठवीत जाणार होती. शाळा सुरू व्हायच्या आत दुसरीकडे जाणं भाग होतं. तीन ठिकाणं होती. नांदेडला एका दैनिकाचा छापखाना, कनेरगाव नाक्यावर मेहुण्याच्या ढाब्याचा गल्ला, आणि हळदीच्या पट्ट्यातल्या एका गावात आडतीवर लिहिण्याचं काम.

सुमनवहिनींनी अट घातली. "पगार कमी असला तर मी शिलाई मशीन चालवून भागवीन. पण पोरी शाळेतून घरी येईस्तोवर माझा जीव टांगणीला लागंल, असं गाव मला नको."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, चोऱ्यामाऱ्या तुमच्या हातून जातेत. कुठं कमी हायत, सांगा."

०

मी अर्थशास्त्राचा पदवीधर. औरंगाबादच्या कॉलेजात शिकलेलं कधीतरी कामाला यावं म्हणून मी रीतसर तक्ता आखला. एका बाजूला पगार, घरभाडं, बढती. दुसऱ्या बाजूला चोरी, मारामारी, दंगा. रेघा एकदम सरळ.

वहिनींनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "छान हाय. ह्यात पोरी कोणत्या खान्यात हायत?"

तक्ता मी परत घेतला.

०

खिल्लारेंची स्वतःची एक मोजणी होती. ते म्हणाले, "नांदेड नको. तिथं लई भोसकाभोसकी हाय."

"कशावरून?"

त्यांनी मला खिळ्यांच्या खणाजवळ नेलं. 'भ'चा खण उपडा करून दाखवला. सगळे 'भ' झिजून गुळगुळीत झाले होते. "बघा. 'क' शाबूत हाय, 'स' शाबूत हाय. 'भ' कशानं झिजला? दर आठवड्याला नांदेडची बातमी येती, 'भोसकले' लावावं लागतं."

माझा पारा चढला. नांदेडच्या त्या वार्ताहराला मी ओळखत होतो. दोन माणसांत कॉलर धरण्यापर्यंत गेलं तरी तो 'भोसकले' लिही, कारण दुसरं क्रियापद त्याला ठाऊक नव्हतं. शेवाळलेल्या पायरीवरून पडलेल्या माणसालाही त्याने एकदा पायरीने भोसकलं होतं.

"अहो खिल्लारे," मी म्हणालो, "हा त्या गावाचा गुन्हा नाही, त्या माणसाचा आहे."

"आसंल," खिल्लारे म्हणाले. "पर 'भ' तर झिजला ना?"

०

वर्तमानपत्रावरून पाहिलं तर आमच्या भागातलं सर्वांत भयंकर ठिकाण कनेरगाव नाका. दर अंकात तिथली 'धाडसी चोरी' असे. वहिनींनी जुने अंक चाळले आणि भावाच्या ढाब्यावर फुली मारायच्या बेताला आल्या.

मला ते सहन झालं नाही. वाशीमच्या एस.टी.त बसलो आणि नाक्यावर उतरलो. तिथला वार्ताहर म्हणजे एक सायकल दुरुस्तीवाला गृहस्थ. अत्यंत नम्र. मी सुरुवातच केली, "कोंबडी गेली की धाडसी चोरी? बादली गेली की धाडसी चोरी? तुम्हाला लाज वाटत नाही?"

तो म्हणाला, "साहेब, बातमी न्हाई धाडली तर पेपर येणं बंद होतं. आता गावात काही होतच न्हाई त्याला मी काय करू?"

मी त्याला अर्धा तास पत्रकारितेची नीती समजावली. तो मान हलवत राहिला. मी उठलो तर बाहेर काढून ठेवलेल्या चपला गायब. बहुधा कुत्र्याने नेल्या असाव्यात.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी नंतर फक्त निवडून आलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि हळुवारपणे विचारलं, "साहेब, तुमचं वय काय लिहू?"

०

हळदीच्या गावाचं मात्र उलट. तिथून कधी एक ओळ आली नव्हती. मी खिल्लारेंना घेऊन तिथल्या ठाण्यात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. फौजदार अजून हयात आहेत आणि भेटले की चहा पाजतात.

फौजदार अभिमानाने म्हणाले, "माझ्या हद्दीत चोरी नाही. वरिष्ठांना विचारा."

एवढ्यात एक शेतकरी आत आला. "साहेब, माझी बैलजोडी चोरून नेली."

फौजदार म्हणाले, "चोरून नेली हे तू पाहिलंस?"

"न्हाई."

"मग हरवली म्हण. जनावर आहे, जातं कुठं चरायला."

मी मध्ये पडणार होतो. खिल्लारेंनी माझा सदरा धरून ठेवला. शेतकरी म्हणाला, "बराबर हाय साहेब. हरवलीच म्हणा. फकस्त येवढं लिवून घ्या, की जाताना बैलांनी गाडी सोताच जुपली. अन् गाडीत चार पोती हळद बी भरली."

परतीच्या वाटेवर खिल्लारे गंभीर होते. म्हणाले, "हितं नगं. हितं माझी पोरगी बी हरवलीच म्हणतेल."

०

राठोड गुरुजींना हे सगळं हास्यास्पद वाटे. ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी गाव कधी निवडलंच न्हाई. बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख फिरायचे. ज्या माळावर बैल बसला अन् उठंना, तिथं तांडा. तुमी लई हिशेब करून राहिले."

वहिनी हॉटेलच्या दारात डबा द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बैल बसला ते ठीक. पर तिथं पोरींची शाळा हाय का, हे त्या बैलाला कुणी इचारलं व्हतं का?"

गुरुजी हसून म्हणाले, "न्हाई इचारलं. म्हणून तर मला शिकायला तांड्यावरून नरसीला पायी यावं लागलं."

०

युसूफभाईचं तत्त्वज्ञान वेगळं. "चोर जहाँ रहता ना, वहाँ काम भी रहता. हिंगोलीत चोर कमी, काहून? नेण्यासारखं काय हाय? माझ्या हॉटेलातून नेलं तर उधारीचा फळा नेतील, अन् तेवढा त्यांनी खुशाल न्यावा."

मला हे पटलं नाही. आणि नेमका दुसऱ्याच दिवशी पुरावा समोर आला.

हिंगोलीच्या स्टँडवर एक खिसेकापू होता. हात इतका मऊ की पोलीससुद्धा त्याला मखमल म्हणत. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पाहतो तर मखमल नांदेडच्या गाडीजवळ पत्र्याची पेटी, वळकटी, बायको आणि लेकरं घेऊन उभा.

"काय रे, कुठं?"

"नांदेडला चाललो, रिपोटर साहेब. कायमचं."

"काहून?"

"हितं काही राह्यलं न्हाई. दुष्काळापासून लोकांच्या खिशात हात घातला की आपल्यालाच काही ठेवून यावं वाटतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "अन् लेकरं मोठी होऊन राहिली. हितं सगळे वळखतेत. शाळेत पोरं चिडवतेत."

बायको डोक्यावरचा पदर सावरत कुरकुरली, "मी म्हणते नगं. तिकडं लई चोऱ्या होतेत म्हणे."

मखमलने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून माझ्या पाया पडला. मलाही गलबलून आलं. मी त्याला उठवून पाठीवर हात ठेवला. गाडी सुटली.

हॉटेलात येऊन बातमी लिहायला बसलो तर खिशात पेन नाही. साधं नव्हतं ते. टोपण चिरलं होतं, तेव्हा खिल्लारेंनी छापखान्यातला पानं बांधायचा दोरा त्यावर इतका घट्ट गुंडाळून दिला होता की दुकानातसुद्धा तसं मिळालं नसतं.

युसूफभाई चहा ठेवत म्हणाला, "निशानी ले गया. जाते वक्त लोग ले जाते."

मखमलला खिल्लारेंनी कधी पाहिलेलं नव्हतं, वहिनींनीही नाही. पण हा किस्सा त्यांच्या कानावर गेला आणि नांदेडची बाजू आणखी पडली. "हितले चोर बी तिकडंच चालले," त्या म्हणाल्या. "आपण मागून कशाला जायचं?"

०

पण कनेरगावला थोरलीच्या वर्गाची शाळा नव्हती. हळदीच्या गावात बैल हरवत होते. उन्हाळा सरत आला, मालकाने छपाईचं ट्रेडल मशीन विकून टाकलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "नांदेड एकदा माझ्या डोळ्यानं बघते. नापास झालं तर इथंच मजुरी करू." आम्ही तिघं निघालो. मी नवं पेन खिशाला लावून, गुंडी घट्ट लावून.

वहिनींनी परीक्षेसाठी लग्नातला पितळी तांब्या घेतला होता. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, 'सौ. सुमन खिल्लारे'. त्यांचं म्हणणं असं, की नाव नसलेलं भांडं कुणीही उचलतं. नाव वाचूनही जो नेतो तो खरा चोर.

छापखाना चांगला होता, पगार ठीक होता, खिल्लारेंचा हात पाहून फोरमन खूश झाला. खोली बघितली ती शाळेमागच्या एका गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी नळ होता. वहिनींनी तांब्या नळाच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला, शाळा बघून येऊ."

शाळा बघितली. पटांगण होतं, प्रवेशासाठी मुलींची रांग वेगळी होती, हेडमास्तरीण बाई होत्या. वहिनींना शाळा आवडली हे त्यांच्या चालीवरून कळत होतं. परत येताना त्या आमच्या पुढे होत्या.

ओट्यावर तांब्या नव्हता.

वहिनींनी ओट्यामागेही बघितलं. खिल्लारे नळाकडे बघत उभे राहिले. त्यांनी नोकरी मनातल्या मनात सोडून दिलेली मला दिसली. मी तोंड उघडणार एवढ्यात समोरच्या खोलीतून आवाज आला, "सुमन खिल्लारे कोण हाय गं?"

एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. घासून लख्ख केलेला. "असं भांडं टाकून जात असतेत का, बाई? पोरीनं नाव वाचलं म्हणून आत घेतला. हे काय आपलं हिंगोली हाय?"

वहिनी म्हणाल्या, "तुमी हिंगोलीच्या?"

झालं. दोघी ओट्यावरच बसल्या. नळ कधी येतो, दळण कुठं मिळतं, पोरी शाळेत कशा एकत्र जातील, सगळं निघालं. ती बाई म्हणाली, "तुमच्या पोरी माझ्या पोरीसंगं जातेल. काळजी करू नगा. ह्या गल्लीतून काडी हलत न्हाई. आमचे हे ध्यान ठेवतेत."

पदर सावरायची तऱ्हा मी ओळखली. तेवढ्यात 'हे' आतून आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, दाराशी भाजीचा गाडा. मला पाहून मखमल एक क्षण थबकला. मग पुढे आला आणि वाकून पाया पडला.

"गाडा चालवतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "गल्लीत सगळे दादा म्हणतेत."

मग भाजी लावायला गाड्याकडे वळला.

परतीच्या गाडीत वहिनी खुशीत होत्या. तांब्या मांडीवर. "शेजार असावा तर असा. पर भाऊजी, तुमी गप्प काहून? तुमाला गुन्हेगारीतलं कळतं. खरं सांगा, ह्या गल्लीत पोरी ठेवू का नगं?"

खिल्लारेही माझ्याकडे बघत होते. बातमीदाराने काय करावं याबद्दल माझी मतं कडक आहेत. कनेरगावला मी ती अर्धा तास ऐकवली होती. माहीत असलेलं सांगायचं, पूर्ण सांगायचं, नावासकट सांगायचं. मी गळा साफ केला आणि सवयीने खिशाकडे हात नेला.

गुंडी घट्ट लावलेली होती. आत दोन पेनं होती. एकाच्या टोपणावर दोरा होता.

"भाऊजी, बोला की," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "सामान बांधा."