ओठावर स्पिरिट

"तोंड वर कर," सर म्हणाले.

मी केलं. वर्गासमोर मला स्टुलावर बसवलं होतं. जळगावचं कॉलेज, सूक्ष्मजीवशास्त्र, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. माझ्या खालच्या ओठावर पाणी भरलेले फोड आले होते. काही फुटलेही होते. मी तापाने पडले होते, ताप उतरला आणि जर मुतला. जर म्हणजे ज्वर; तापानंतर ओठावर फोड उठले की आमच्याकडे असंच म्हणतात. कोणी त्याचा बाऊ करत नाही.

सरांनी रबरी हातमोजे चढवले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. एका हाताने माझी हनुवटी धरली आणि तो बोळा फुटलेल्या फोडांवर दाबून घासला.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी स्टुलाची कड धरली. रक्त हनुवटीवरून ओढणीवर आलं. ते घासत होते आणि शिकवत होते.

"हर्पिस सिम्प्लेक्स. बाहेरून चरबीचं आवरण. आवरणात प्रथिनांचे काटे. हे काटे पेशीला चिकटतात, म्हणून विषाणू आत शिरतो. स्पिरिटने आवरण विरघळतं. आवरण गेलं, काटे गेले, विषाणू मेला." बोळा बादलीत टाकला. "घ्या. आता हिच्या हातचं पाणी प्यायला हरकत नाही."

वर्ग हसला.

"हा रोग कशाकशाने होतो ते मी बोलत नाही. मुली बसल्यात."

परत हसला. पोट धरून. मी स्टुलावरच बसून होते, कारण ऊठ असं कोणी म्हटलं नव्हतं. याची लाज मला स्पिरिटपेक्षा जास्त झोंबली.

पाण्याचं का काढलं ते वर्गाला ठाऊक होतं. सर आमच्याच गावचे, धरणगावजवळचे. त्यांच्या मोठ्या भावाच्या, नानांच्या शेतात माझी माय कापूस वेचायची. आम्ही बौद्धवाड्यातले. शेतातल्या विहिरीवर नानांचा गडी वरून पाणी ओतायचा आणि आम्ही ओंजळीने प्यायचो. हे सरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाला हसत हसत सांगितलं होतं. आमच्या गावची पोर आहे, शिकतेय बिचारी, म्हणून.

शनिवारी एसटीने घरी गेले. माय चुलीपुढे होती. माझ्याकडे बघितलं आणि हातातली भाकर तशीच राहिली.

"तुना तोंडले काय व्हयनं?"

मी सांगितलं.

"त्यानी हात लावा?"

"मोजे घालून."

मायने भाकर तव्यावर टाकली. ती भाजून उतरवली. मग म्हणाली, "आपला हात त्यासनी घागरले चालत नही. अन् त्याना हात तुना तोंडले चालना."

माझ्या डोक्यात तोवर हे आलंच नव्हतं. मी आपली रडत होते, चारचौघांत अपमान झाला म्हणून. माय रडली नाही. तिला राग आला होता. तो राग मला तिच्याकडून मिळाला, आणि तो मी अजून जपून ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात सरांनी सेमिनारचे विषय वाटले. माझ्याकडे आले आणि थांबले. "हर्पिसच्या प्रथिनांची रचना आणि कार्य. तूच घे. नमुना तोंडावरच आहे."

घेतला. दात खाऊन घेतला.

त्यानंतरच्याच तासाला सरांनी फळ्यावर कानाजवळच्या मज्जातंतूची गाठ काढली. आकृती सुरेख काढायचे, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. ओठावरून विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्या गाठीत जातो आणि जन्मभर तिथे पडून राहतो, म्हणाले. झोपलेला असताना प्रथिनं जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. ऊन लागलं, ताप आला की उठतो आणि त्याच वाटेने ओठावर येतो. बाहेरून काही चोपडून तो जात नाही.

बाहेरून काही चोपडून जात नाही.

मी लिहिता लिहिता थांबले. म्हणजे यांना माहीत होतं. बोळा घासताना माहीत होतं की याने ही बरी होणार नाही. मी इतके दिवस समजत होते, सर कडक आहेत, रोगाला घाबरले, चुकलं असेल. कशाचं चुकलं. त्यांना विषाणू मारायचाच नव्हता. विहिरीवर पाणी ओतणारा गडी शाळेत गेला नव्हता, हे एवढे शिकले होते, आणि दोघांचा हात सारखाच वरून येत होता. शिकला की माणूस सुधारतो, हे मला लहानपणापासून सांगितलं होतं. त्या तासाला ते माझ्यापुरतं संपलं.

मग मी त्या प्रथिनांच्या मागे लागले. ग्रंथालयात बसून, इंग्रजीशी डोकं फोडून. एक काटा पेशीला नुसता चिकटतो. दुसरा ओळख पटवतो. तिसरा पेशीचं आवरण आणि विषाणूचं आवरण एक करून टाकतो आणि दार उघडतं. आवरणाच्या आत आणखी प्रथिनं असतात, सोबत आणलेली. त्यातलं एक शिरल्या शिरल्या पेशीचे स्वतःचे निरोप, प्रथिनं बनवायचे आदेश, फाडून टाकतं, म्हणजे घरात घुसून आधी घरच्यांची तोंडं बंद करायची. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

सेमिनार एप्रिलात आला. जळगावचं ऊन. सर आदल्या दिवशी लग्नाच्या वरातीत भर दुपारी चालले होते. सकाळी वर्गात आले तेव्हा रुमाल तोंडावर होता. पाणी प्यायला काढला, तेव्हा दिसलं. वरच्या ओठावर जर.

विभागाच्या माठातलं पाणी ते पेल्याला तोंड लावून प्याले. पेला परत माठावर ठेवला. कोणी हसलं नाही.

मी पुढे गेले. बोलायला सुरुवात नाही केली. कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापूस काढला, टेबलावर ठेवला. स्टूल ओढलं.

"सर, बसा. तोंड वर करा."

"शुद्धीत आहेस का?"

"नमुना तोंडावरच आहे, सर."

त्यांनी हात उगारला. खरंच उगारला, सगळ्यांनी पाहिलं. बाटली धक्क्याने खाली पडून फुटली. तो हात माझ्या गालावर पडायच्या आत मी मनगट धरलं. मीही सुट्टीत कापूस वेचलाय. बोंडांनी बोटं फाटतात, पण पकड येते. मी पिळलं. त्यांचं तोंड वाकडं झालं तरी पिळलं. मला ते बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

"परत माझ्या तोंडाला हात लागला तर मनगट मोडीन," मी म्हटलं.

मग सोडलं. फुटलेल्या काचांत उभी राहून सेमिनार दिला, शेवटपर्यंत. रुमाल दाबून ते निघून गेले होते, तरी दिला.

सेमिनारात मला नापास केलं. वर्ष गेलं. आठवड्याच्या आत नानांचा माणूस मायकडे आला. उद्यापासून शेतात येऊ नको, पोरीला घेऊन नानांच्या पाया पड, मग बघू, म्हणाला.

माय म्हणाली, "मी कापूस येचस. पाय कोनाच नही धरस."

ती दोंडाईच्याला गेली, मिरच्या खुडायला. रात्री हात ताकात बुडवून बसायची. तिच्या हातांची आग माझ्या पिळण्याची किंमत होती, आणि मला ती आजही फिटलेली वाटत नाही. मी पुढच्या वर्षी त्याच वर्गात जाऊन बसले, पहिल्या बाकावर. पास झाले. आता धुळ्यात शिकवते. उन्हाळ्यात ओठावर जर येतो. तोंड झाकत नाही.

परवा जुन्या वर्गातल्या एकीचा फोन आला. सर निवृत्त होतायत, सत्कार आहे, विद्यार्थ्यांनी दोन शब्द बोलायचेत. "झालं गेलं सोड ना आता," ती म्हणाली. ती त्या दिवशी हसणाऱ्यांत होती.

मी येते म्हटलं. बोलते म्हटलं. व्यासपीठावर एक स्टूल ठेवायला सांगितलं.

त्या स्टुलावर मी बसणार आणि सांगणार. स्पिरिट, कापूस, हातमोजे, पाणी. सरांचं नाव घेऊन, त्यांच्या तोंडावर, कोण कोण हसलं तेही. मायला पहिल्या रांगेत बसवणार. माझं सांगून होईपर्यंत कोणी त्यांच्या गळ्यात हार घालायचा नाही. त्यानंतर ज्याचा हात उचलेल, त्याने घालावा.