अक्कांच्या छातीतली पिशवी

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणत असे. रावेरकडे आमची केळीची बाग होती. माल कापायच्या दिवशी भाव बोलायला घरातले पुरुष पुढे असत, पण व्यापारी उत्तर द्यायचा तो अक्कांकडे बघून. अशा बाईला छातीत गाठ निघाली आणि मुंबईला नेऊन तिची डावी बाजू काढावी लागली. नीट शब्द लिहायला मला अजून लाज वाटते. कुणी वाचणार नाही, तरीही.

त्यानंतर बरेच दिवस अक्का कुणाच्या हळदीला गेल्या नाहीत. बायकांत बसणं, अंगाला हळद लावून घेणं त्यांना नको वाटे. मग तिथल्याच सर्जननं त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवता येते असं सांगितलं. अक्का परत मुंबईला गेल्या आणि बसवून आल्या. घरी आल्यावर मला खोलीत बोलावून म्हणाल्या, "हात लाव, पाह्य."

मी भिंतीकडे तोंड करून हात लावला.

"भिंतीले काय पाह्यते वं? भिंतीले थोडी बसवली?"

आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. पुढच्या लग्नसराईत अक्का हळदीला सगळ्यांच्या पुढे होत्या.

काही वर्षं बरी गेली. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात मी दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. अक्का शाळेत गेल्या नव्हत्या, मी चौथी शिकलेली. बातमी छोटीच होती. अमेरिकेत या पिशव्या वापरण्यावर बंधन आलं होतं. त्या फुटतात, आतलं अंगात पसरतं, सांधे धरतात, अशा तक्रारी बायकांनी केल्या होत्या.

"पुन्हा वाच. सावकाश."

मी वाचलं. अक्का उठल्या नि धाकट्या दिरांना म्हणाल्या, "उद्या धुळ्याले जातो आम्ही." तो सर्जन आता धुळ्यात दवाखाना चालवत होता.

जळगावला गाडी बदलून आम्ही पोचलो. दवाखान्यात गेल्यागेल्या अक्कांनी विचारलं, "डाक्टर, आतमधी फुटली तं मले कळंल का?"

"नेहमी कळेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं?"

"तेव्हा मलाही एवढं माहीत नव्हतं, अक्का."

मग त्यांनी बसवून घेऊन सगळं सांगितलं. या पिशव्या निघून तीसेक वर्षं झाली होती. त्याआधी काही ठिकाणी पातळ सिलिकॉन सुईनं सरळ अंगात घालत आणि बायकांचे फार हाल होत. पहिल्या पिशव्या जाड होत्या. पुढे हाताला मऊ लागाव्या म्हणून पातळ केल्या, तर त्या जास्त झिरपू लागल्या. बंधन मुख्यतः शोभेसाठी बसवणाऱ्यांवर होतं, आजारानं गमावलेल्यांना अटी घालून मिळत होत्या.

"अन् सांधे धरतात ते?"

"सिद्ध झालेलं नाही. पण तसं होतच नाही, असंही मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही."

एवढा शिकलेला माणूस एका अडाणी बाईला आपल्याला माहीत नाही असं सरळ सांगतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्यापुढे न बिचकता विचारणाऱ्या अक्का तर मला त्या दिवशी फारच मोठ्या वाटल्या.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तिथे दुखतं का?"

"नाही."

मला माहीत होतं की दुखतं. कित्येक महिने अक्का डाव्या कुशीवर झोपत नव्हत्या. नातीला उजव्याच खांद्यावर घेत. मी विचारलं की "काही नाही वं" म्हणत. परक्या पुरुषापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण अक्का हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि डॉक्टर कागदावर लिहायला लागले होते.

"दुखतं त्यांना," मी म्हणाले. "आणि कडक झालंय."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "माय वं! घरात हिचा आवाज ऐकू येत नाही, अन् इथं वकिली करते!" मग मान खाली घालून हळूच म्हणाल्या, "कच्च्या केळीवानी झालंय, डाक्टर. पण काढली तं मी पुन्हा तशीच व्हईन."

डॉक्टरांनी तपासलं. बाहेरच्या वस्तूभोवती शरीर एक पापुद्रा धरतं, तो आवळला होता. फुटली असो वा नसो, दुखणं थांबवायचं तर काढणं बरं, असं ते म्हणाले. अक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "काढा. पण मले दाखवा."

काढल्यावर डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये आणून दाखवली. पिशवी शाबूत होती. अक्कांनी बोटानं दाबून पाहिली.

"हिचा काही दोष नव्हता," त्या म्हणाल्या.

"नवी बसवायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता नको. आधी अमेरिकावाल्यांचं ठरू द्या."

डॉक्टर मोठ्यानं हसले. अक्काही हसल्या, पण टाके ताणले म्हणून लगेच थांबल्या.

काही वर्षांनी पेपरात आलं की मोठ्या तपासणीत या पिशव्यांमुळे सांध्यांचे वगैरे आजार होतात असं दिसलं नाही. मी धावत जाऊन वाचून दाखवलं. अक्का केळी निवडत होत्या.

"अन् कडक व्हतात, फुटतात, त्याचं?"

"ते खरं आहे म्हणतात."

"मंग अर्धंच ठरलं," अक्का म्हणाल्या, आणि पुढचा घड ओढून घेतला.