लोणारच्या विवराखालचा खडक

रोशनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलपाड्यातल्या घरी आमच्या लोणारच्या मोजणीचे आलेख काढत होतो. तिला डेंगी झालाय, एवढंच माहीत होतं... फोन ठेवल्यावर मी तसाच आलेखाकडे बघत बसलो.

ती अर्नाळ्याच्या कोळ्यांची, कॉलेजात मला सीनियर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भूभौतिकी म्हणजे काय, हे मला घरी सांगता यायचं नाही. "सांग, जमीन न उकरता तिच्या पोटातलं ओळखायचं," असं तिनेच शिकवलं. उल्का आदळून झालेल्या त्या विवराभोवती आम्ही चुंबकीय मोजणी करत होतो. अंगावर लोखंड असलं की यंत्राचे आकडे बिघडतात. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "बेल्ट काढ रे. नाहीतर तुझ्या पोटाखाली लोखंडाची खाण सापडली असं लिहावं लागेल!"

पण चूक झाली ती तिच्याच हातून. होडीच्या जुन्या खिळ्याची अंगठी आईने तिच्या बोटात घातली होती, राखण म्हणून. एकदा ती काढायची राहिली आणि दिवसभराची मोजणी पुन्हा करावी लागली. मग तिने अंगठी बॅगेत टाकली. घरी आल्यावरही अंगठी बॅगेतच राहिली, आणि त्याच आठवड्यात ताप आला.

काही आठवड्यांनी मी अर्नाळ्याला गेलो. तिची आई ओट्यावर सुपात सुकट निवडत होती. मी टेकायच्या आत तिने विचारलं, "तू व्हतास ना संगती? अंगठी काढली म्हनून गेली का रं माजी पोर?"

"नाही मावशी. डासामुळे ताप..."

"डॉक्टर पन तेच बोलला." हात थांबले नाहीत. सुकटीतला कचरा बाजूला टाकत म्हणाली, "मंग तितं गावलं काय तुमाला?"

मी अडखळत सांगितलं, की गुरुत्वाकर्षणही मोजलं, ते विवराच्या मधोमध जरा कमी भरतं. आदळण्याने खालचा खडक फुटलाय, आणि फुटलेला खडक हलका असतो.

"कवा आदळला?"

"हजारो वर्षं झाली."

"आनि अजून फुटलेलाच हाय?"

"हो, मावशी."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. अंगठीचा विषय पुन्हा काढला नाही. भिंतीकडची चटई हाताने झटकली. "हितं बस. ती हितंच बसायची."

मी बसलो. तिने सुकटीचं सूप आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं.