ताराक्कांची नळी

बाळाचे ठोके ऐकायची कर्ण्यासारखी लाकडी नळी पोटाला लावण्याआधी ताराक्का ती दोन्ही तळव्यांत धरून चांगली चोळायच्या. "गार लाकूड लागलं तर आतला माणूस दचकतो," म्हणायच्या. बाहेरच्या माणसाची त्यांनी एवढी काळजी केल्याचं मला आठवत नाही. आम्हाला नुसतं, "पड. गप्प राहा."

मग त्या वाकून नळीला कान टेकायच्या, एक हात वर धरायच्या, आणि प्रसूतिगृहाचा अख्खा वॉर्ड चिडीचूप व्हायचा. खिडकीखाली घोडागाडी लावून गिऱ्हाइकांना हाका मारणाऱ्या जटकेवाल्यालाही त्यांनी त्याच हाताने गप्प केलेलं मी पाहिलं आहे. घड्याळाकडे बघत त्यांचे ओठ हलत राहायचे. शेवटी कान उचलून सांगायच्या, "आहेत. घरी आहेत." एवढं ऐकायला मी बंगळुरातल्या चामराजपेठेतून दिवसाआड जात होते.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. माझं पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दोन दिवस ते हललं नव्हतं आणि मी समजले, झोपलं असेल. मला कुणी बोल लावला नाही, म्हणून मीच तो लावून घेतला. दुसऱ्या खेपेला आठवा लागताच डॉक्टरीणबाईंनी मला ताराक्कांच्या हवाली केलं. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. दिवसाआड तपासणी, शिवाय रोजचा गृहपाठ: दोन वाट्या आणि दहा चिंचोके. बाळ हललं की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजवीत टाकायचा. संध्याकाळपर्यंत दहाही उजवीकडे गेले नाहीत, तर तसंच उठून यायचं.

ताराक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. एकदा मी म्हटलं, "अक्का, या खेपांचा कंटाळा आला." त्या म्हणाल्या, "सरी, बरं, कंटाळा घेऊन ये. स्वल्प त्याचंही ऐकते."

माझ्या सासूबाईंना हे प्रकरण पसंत नव्हतं. सारखं बघितलं की दृष्ट लागते, असं त्यांचं मत. तरी प्रत्येक खेपेला जटक्यात माझ्या आधी चढून बसायच्या, आणि ताराक्कांसाठी चटणीपुडीचा डबा पदराखाली असायचाच.

दिवस भरत आले होते. एका दुपारी मी जेवून आडवी झाले तेव्हा उजव्या वाटीत पाच चिंचोके होते. चारला उठून बघते तो दहाही तिकडे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोपेत तूच टाकले असशील." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरताच मी ऐटीत सांगितलं, "काल दहा. तेही चारच्या आत." ताराक्कांनी नळी चोळली, कान टेकला, हात वर केला. तो हात खाली येईना. त्यांनी नळी सरकवली, पुन्हा ऐकलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दहा कुणी मोजले?"

सासूबाई रडायलाच लागल्या. "पोर दिवसभर त्या वाटीकडे बघत बसते हो. चेहरा बघवेना तिचा. म्हटलं, पाच काय नि दहा काय."

"अम्मा," ताराक्का शांतपणे म्हणाल्या, "लाथा त्याने मारायच्या आहेत. तुम्ही नाही." बोलता बोलता त्या दाराशी पोचल्याही होत्या. डॉक्टरीणबाईंना हाक मारून परत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आहेत. पण दमलेत. आजच बोलावून घेऊ."

इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. दुपारच्या आत मुलगी झाली. गळ्याला नाळेचे दोन वेढे, अंग निळसर, आणि रडायला तिने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. रडली एकदाची. ताराक्कांनी तिला गुंडाळलं आणि माझ्याकडे न देता दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "अम्मांकडे आधी. त्यांनी बरेच कष्ट घेतलेत." त्यानंतर सासूबाईंनी दृष्टीचं नाव काढलं नाही.

पुढे ताराक्का निवृत्त झाल्या आणि त्यांचे कान गेले. त्या कानांचं जाणं मला फार लागलं. आम्ही भेटायला गेलो की मी ओरडून बोलायची आणि त्या भलतीच उत्तरं द्यायच्या. एकदा आमची सुधा, तीच ही मुलगी, तेव्हा सात वर्षांची, खुंटीवरची ती नळी काढून घेऊन आली. कुणी सांगितलं नसताना तिने ती दोन्ही तळव्यांत चोळली, बारीक टोक ताराक्कांच्या कानाला लावलं आणि रुंद तोंडातून विचारलं, "अक्का, घरी आहात का?"

ताराक्कांचा हात आपसूक वर गेला. आम्ही सगळे गप्प. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "आहोत. घरी आहोत."