गोदीच्या दरवाजासमोर

सिनेमातला हेर ज्या दरवाजातून बोटीकडे पळतो, तो मुंबईच्या गोदीतला खराखुरा दरवाजा आहे, असं आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं. वसईत तंबू ठोकून दाखवलेला तो सिनेमा मी दोनदा पाहिला होता. मी तेव्हा बावीस वर्षांची, निर्मळजवळच्या मराठी शाळेत शिकवत होते. बाबांबरोबर माझगावला आत्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी वहीच्या पानावर हेराची सगळी वाट काढून घेतली. तो टॅक्सीतून कुठे उतरला, कुठल्या भिंतीआड लपला, सगळं बाण काढून.

बाबा केळीची वाडी करायचे. सिनेमाचं त्यांना वावडंच होतं, पण गोदी वाटेवरच आहे म्हटल्यावर "चल, लांबून बघ आणि लगेच निघू," म्हणाले.

दरवाजा सापडला. पान हातात धरून मी भिंत जुळवून पाहत होते, तेवढ्यात पहारेकऱ्याने मागून ते ओढून घेतलं.

"हे काय आहे?"

"सिनेमातली जागा..."

त्याने पुढचं ऐकलंच नाही. आम्हाला आत चौकीत नेलं. टेबलामागच्या अधिकाऱ्याने पान समोर पसरलं. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'इथे कागद दिले. इथून बोट.' ते वाचताना मलाच ते एखाद्या हेराचं वाटलं.

त्याने नाव विचारलं. पोर्तुगीज वळणाचं आडनाव ऐकून मान वर केली.

"गोव्याचे?"

ते गोव्याच्या सत्याग्रहाचे दिवस होते. वर्तमानपत्रात रोज वाचत होते, तरी ते आपल्यापर्यंत येईल असं मनातही आलं नव्हतं.

"नाही साहेब, वसईचे. ख्रिस्ती आहोत, आमची आडनावं अशीच असतात."

"पोर्तुगीज येतं?"

"एक शब्दही नाही. मी मराठी शिकवते."

एवढ्यात बाबा घाबरून घरच्या बोलीत मला म्हणाले, विचारेल तेवढंच सांग. अधिकारी ताडकन उठला.

"ही कुठली भाषा? काय सांगितलंत तिला?"

 वाडीत गड्यांवर ओरडणारे बाबा तिथे कोटाचं बटण चाचपत उभे होते. अधिकाऱ्याने त्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. जपमाळ पडली, आणि सुक्या पानांत करकचून बांधलेल्या चार पुड्या.

"यात काय आहे?"

"सुकेळी," मी म्हणाले. "वाळवलेली केळी. आत्यासाठी."

"सोड रे ती पुडी," अधिकारी दाराकडे बघून म्हणाला.

दाराशी उभ्या असलेल्या वयस्क हवालदाराने पुडी उचलली, नाकाशी नेली. "साहेब, सुकेळीच आहेत. माझं आजोळ आगाशीचं. आणि हे बोलणंही तिकडचंच. वाडीवाले घरात असंच बोलतात."

तरी अधिकाऱ्याने मला सगळा सिनेमा सांगायला लावला, पहिल्यापासून.  संपल्यावर त्याने पान फाडलं नाही, खणात ठेवलं. "जा. पुन्हा इथे दिसू नका."

आत्याकडे आम्ही त्यातलं काही बोललो नाही. परतताना गाडीत मी बोलणी खायची तयारी करून बसले होते, पण बाबा खिडकीबाहेर बघत होते. नायगाव स्टेशन गेलं तेव्हा म्हणाले, "त्या साहेबाने विचारलं, गोव्याचे का म्हणून. आपल्या किती पिढ्या गेल्या गं वाडीत?"

"मला नाही माहीत, बाबा."

"मलाही नीट नाही. तिथे सांगता आलं नाही."

दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते फादरांकडे गेले आणि चर्चची जुनी बाप्तिस्म्याची पुस्तकं उघडून बसले. जुन्या पुस्तकांतली पोर्तुगीज भाषा त्यांना वाचता येईना, म्हणून फादर वाचत होते आणि बाबा आजोबा-पणजोबांची नावं एका कागदावर मराठीत उतरवत होते. तो कागद त्यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मुंबईला जाताना त्यानंतर तो कोट ते कधी विसरले नाहीत.