रिकामं चेंबर

ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालं आणि मी सिडनीत आर्मी रिझर्व्हमध्ये नाव घातलं. भारतात मी कॅप्टन होतो, एकाहत्तरची लढाई केलेला. इथे प्रायव्हेट. आठवडाभर इंजिनियरची नोकरी आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल, मार्च, रायफल सफाई. टूनगॅबीतल्या, म्हणजे आमच्या उपनगरातल्या, मित्रमंडळींना ही निव्वळ हौस वाटायची. माझी बायको सुधा म्हणायची, "लोक वीकेंडला लॉन कापतात. तू आपला बूट घासत बस."

रायफल मात्र ओळखीची होती. एसएलआर. ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची ती स्वतःच चेंबरमध्ये घेते. जवळपास हीच रायफल मी पलटणीत वापरली होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी विशीतल्या पोरांना मी तिच्यावर छोटंसं लेक्चर दिलं. नको तिथे शहाणपणा करायची खोड मला पहिल्यापासून आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वार्षिक शूट तोंडावर आलं होतं. त्यात नापास होणारा आपल्या सेक्शनबरोबर युद्धसरावाला जात नसे. सरावासाठी आम्ही सकाळीच रेंजवर पोचलो. शंभर मीटर, पालथं पडून, पाच राउंड.

"इन युवर ओन टाइम, गो ऑन." आपापल्या सवडीने झाडा, असा रेंजचा हुकूम.

मी पाच राउंड झाडले. टार्गेटपाशी चालत गेलो. भोकं टार्गेटभर पसरली होती, बहुतेक खाली डावीकडे. शेजारच्या पोराची पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली असती.

"फोरसाइट बिघडलंय," मी म्हणालो.

आमचा कॉर्पोरल बॅरी वाद घालत नसे. व्हिएतनामला जाऊन आलेला हा माणूस एरवी ब्लॅकटाउनच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. त्याने फोरसाइट, नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, ॲडजस्ट केलं. मी पुन्हा पाच झाडले. आधीपेक्षा वाईट.

"बॅरल झिजलं असणार."

बॅरी माझ्या जागी आडवा झाला, माझ्याच रायफलने पाच झाडले. पाचही मुठीएवढ्या जागेत. पोरं माझ्याकडे बघायचं टाळत होती. त्यापेक्षा हसली असती तर बरं.

"राइट, मेट," बॅरी म्हणाला. "आता दर वेळी लोड मी करणार. तू फक्त झाड."

रायफलचं तोंड टार्गेटकडेच ठेवून तो मला दिसू नये म्हणून मध्ये अंग आड धरायचा, लोड करायचा आणि रायफल माझ्या हाती द्यायचा. पहिला राउंड नीट सुटला. दुसऱ्या वेळी नुसताच खट्ट आवाज आला. बॅरीने मुद्दाम चेंबर रिकामं ठेवलं होतं. आणि गोळी नसतानाही कोंबडीने दाणा टिपावा तसं माझ्या रायफलचं तोंड खाली गेलं. आता मात्र पोरं हसली.

बॅरी माझ्या कानाशी वाकला. "गोळी सुटायच्या आधीच तू दचकतोस. आणि डोळे गच्च मिटतोस. एव्हरी टाइम."

"शक्यच नाही. मी ऑफिसर होतो."

"तेव्हा तुझं टार्गेट कोण मार्क करायचं?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. मला तो लागला. रेंजवर टार्गेटखाली खंदक असतो, त्याला बट्स म्हणतात. तिथे बसलेले जवान भोकं मोजून खुणेने निकाल कळवतात. आमच्या पलटणीत माझं टार्गेट नाईक महादू शेलारकडे असायचं. माझा रेडिओ ऑपरेटर, साताऱ्याकडचा. "साहेब, बुल!" असं दणक्यात ओरडायचा, म्हणजे नेम बरोब्बर मध्यावर. तो पेन्सिलीने भोकं पाडतो हे मला ठाऊक होतं. एखादंच त्याचं, बाकी सगळी माझी, अशी मी समजूत करून घेतली होती. साहेबाचे डोळे मिटतात हे साहेबाला सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती. नेम चुकला की रायफल खराब.

बॅरीने मला पहिलीच्या मुलासारखं शिकवलं. "ट्रिगर ओढू नको, हळूहळू दाबत जा. गोळी सुटली तरी दाबूनच ठेव. फोरसाइट कुठे उडालं ते बघ. टार्गेट बघायच्या आधी मला सांग, राउंड कुठे गेला. पुढचा राउंड तयार आहे म्हणून घाई नको."

पहिले काही मला सांगताच आले नाहीत. मी बघितलंच नव्हतं. मग दुपारी केव्हातरी एक गोळी सुटली आणि मला फोरसाइट उडताना दिसलं.

"किंचित उजवीकडे," मी म्हणालो.

राउंड तिथेच होता. नंतरचे पाच तळहाताखाली मावले. पोरांनी पाठ थोपटली. मी पुन्हा रायफलमागे आडवा झालो. गोळी सुटतानाचा क्षण मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

एकाहत्तरच्या लढाईत एकदा भर दुपारी आम्ही एका कालव्याच्या बांधाआड होतो. महादू माझ्या डाव्या हाताला. समोरून फायर आला आणि मी मॅगझिन संपेपर्यंत झाडत राहिलो. वळून बघितलं तर महादू गेलेला होता. पुढे मी त्याच्या गावी गेलो आणि त्याच्या आईला सांगितलं, "आई, माझ्या डोळ्यांदेखत गेला. एका क्षणात. काही कळलंसुद्धा नाही त्याला." हे मी धीर द्यायला बोललो नव्हतो. मला ते खरंच वाटत होतं. आता रेंजवर पडल्यापडल्या मला कळलं की मी काहीही बघितलेलं नव्हतं. तो किती वेळ जिवंत होता, मला माहीत नव्हतं. लाजेने मला मान वर करवेना.

घरी सुधाला सगळं सांगितलं, महादूच्या आईला जाऊन खरं सांगायचंय हेही. ती म्हणाली, "त्या बाईंना तेवढाच आधार आहे रे. तुला हलकं वाटावं म्हणून तो काढून घेणार का?"

वार्षिक शूट मी चांगल्या मार्कांनी पास झालो. ख्रिसमसच्या सुट्टीत भारतात गेलो आणि साताऱ्याची एसटी धरली.

महादूची आई खूप थकली होती. मला ओळखून तिने चहा टाकायला सांगितला. चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. "आई, मी तेव्हा बघत नव्हतो. गोळी झाडताना माझे डोळे मिटतात, हे मलाच आता कळलं. महादू कसा गेला, मला माहीत नाही."

चहा आला. तिने कप माझ्यापुढे सरकवला.

"मग त्यानं तुमास्नी हाक मारली आसंल का, सायेब?"

"माहीत नाही, आई. मी झाडत होतो. मला ऐकू आलं नसतं."

"मारली आसंल," ती म्हणाली. "गोठ्यात जायचा तरी मला हाक मारून जायचा."