बेटावरची शेवळं

बाजारात शेवळांची जुडी दिसली की माझं डोकं फिरतं. बोरिवलीला आमच्या चाळीमागे नदीच्या मधोमध एक बेट होतं. काठावरचे शेवळांचे कंद डुकरं उकरून खायची, म्हणून ही रानभाजी फक्त बेटावर टिकली होती. आम्ही बाया पाण्यातून जाऊन कोंब तेवढे खुडायचो, कंदाला हात लावायचो नाही. एका वर्षी नदी सरळ करायला मशीन आलं. मी आडवी उभी राहिले. मशीनबरोबर आलेला साहेब हसला, "मावशी, गवतासाठी भांडताय? काठावर दुसरं लावून देतो ना!" "मेल्या, काठावर जगलं असतं तर आम्ही पाण्यात कशाला उतरलो असतो?" दुपारपर्यंत बेट ट्रकमध्ये भरून गेलं. मग काठावर शोभेची झाडं लावून त्यांनी 'हरित पट्टा' अशी पाटी ठोकली. तिथून जाताना मी अजून त्या पाटीवर थुंकते.